मल्लखांबाची गिटार

माझ्या साडूंइतका लाकडाच्या नादी लागलेला माणूस सुतारांतसुद्धा सापडणार नाही, आणि लाकडानं ज्याला इतकं फसवलं असाही दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्हा दोघांची सासरवाडी एकच, गडहिंग्लजकडची नेसरी. त्यामुळं मानपान सारखा, जेवायला पाट शेजारीशेजारी आणि भांडण जन्माचं. साडूंची कोल्हापुरात टिंबर मार्केटला वडिलांपासूनची लाकडाची वखार होती. माझं उद्यमनगरात वाइंडिंगचं दुकान, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचा धंदा. त्यांचं आयुष्य लाकडात गेलं आणि माझं तांब्यात. सासऱ्यांनी जावई शोधताना थोडा तरी विचार करायला हवा होता. पण त्यांचा हिशेब साधा होता: एकाकडून घराची दारं होतील आणि दुसऱ्याकडून विहिरीवरची मोटार चालू राहील. तेवढं मात्र झालं.

कुठलंही लाकूड दिसलं की साडू बोटाच्या पेरानं ते वाजवून बघत आणि कान लावत. दुसऱ्याच्या घरी गेले की आधी दार वाजवत, आणि दार उघडल्यावरही ते वाजवणं थांबत नसे. घरातला माणूस ‘या, या’ म्हणत उभा, आणि हे चौकटीला कान लावून. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टका चाललेल्या, आणि हे खाली वाकून मी ज्या पाटावर उभा होतो तोच ठोकून बघत होते. मग उठून माझ्या कानाशी म्हणाले, “आंबा हाय. माझ्या लग्नात फणसाचा काढलता.” मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेतच मला त्या घरातली माझी पायरी कळली. आमच्या गल्लीतले एक म्हातारे वारले तेव्हा तिरडी बांधणाऱ्याला यांनी थांबवलं, बांबूवर टिचकी मारली आणि सांगितलं, “ओला हाय, वाटंत वाकंल. दुसरा आणा.” मयताच्या मुलानं रडणं थांबवून यांच्याकडं पाहिलं ते मला अजून आठवतं. बांबू खरोखरच ओला होता, हेही सांगायला हवं.

माणसांनाही ते लाकडाच्याच जाती लावत. कुणाचं स्थळ आलं की नातेवाईक शिक्षण विचारत, शेती विचारत, आणि साडू पोराकडं नुसतं बघून सांगत, “निलगिरी हाय. वाळल्यावर पिळवटंल.” त्यांनी निलगिरी ठरवलेले दोन जावई पुढं खरोखरच पिळवटले, त्यामुळं नेसरीत त्यांना फार मान होता. मला त्यांनी कुठल्याच जातीत बसवलं नाही. एकदा मी हौसेनं विचारलं तेव्हा म्हणाले, “तुमी लाकूडच न्हाय पावणं. तुमी वायर.” माझ्या बायकोला हा अपमान वाटला आणि तिनं ‘दाजी असं का बोलले’ म्हणून आपल्या आक्काशी महिनाभर अबोला धरला.

हा माणूस एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत असे. त्या काळात कोल्हापुरात ऑर्केस्ट्राला दिवस होते. गणपती असो, गावची जत्रा असो, बारशापासून निवडणुकीच्या विजयापर्यंत कशालाही ऑर्केस्ट्रा लागे. साडू दिवसभर वखारीत भुशात बसत आणि संध्याकाळी अंगावरचा भुसा झटकून, चमचमता कोट घालून स्टेजवर उभे राहत. भुसा पूर्ण कधी झटकला जात नसे. वाजवायचे मात्र मन लावून. गाणाऱ्याकडं बघायचे नाहीत, लोकांकडं बघायचे नाहीत, मान खाली आणि गिटार पोटाशी घट्ट.

आणि इथंच आमचं भांडण सुरू होई. इलेक्ट्रिक गिटार आतून पोकळ नसते. एक भरीव फळी असते आणि तिच्यावर पोलादी तारा ताणलेल्या असतात. तारांच्या खाली पिकप असतो. पिकप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकावर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते, ती पुढं स्पीकरकडं जाते, झालं. मोटारीत आम्ही वीज घालून हालचाल काढतो, इथं हालचाल घालून वीज काढतात. त्यामुळं साडूंचे पिकप मीच गुंडाळून देत असे, जळक्या स्पीकरचं चुंबक काढून. वेढे जास्त घातले की आवाज जाड आणि दमदार येतो, कमी घातले की स्वच्छ पण किरटा. माझ्या दृष्टीनं विषय तिथंच संपत होता. साडूंच्या दृष्टीनं तो तिथं सुरूही होत नव्हता. “पिकप म्हंजे नुसता कान, पावणं,” ते म्हणत. “कान कुटं बोलतो व्हय? बोलतंय ते लाकूड.” मी म्हणे, साडू, चुंबकाला लाकूड दिसतसुद्धा नाही, त्याला फक्त लोखंड दिसतं. ते म्हणत, “तुमाला तरी कुटं दिसतंय.” फणसाच्या लाकडाचा आवाज गोड, सागाचा भारदस्त, शिसवीचा खणखणीत, आंब्याचा ‘सासऱ्यागत, जास्त न टिकणारा’. हे सासऱ्यांच्या समोर. नेसरीत जावयांची भांडणं सासऱ्याच्या जमिनीवरून होत. आपले जावई गिटारवरून भांडतात हे सासूबाईंना शेजारी सांगायची लाज वाटे.

अशात आमच्या पेठेतल्या तालमीतला मल्लखांब निघाला. शिसवी, जुना, आणि पिढ्यांनी एरंडेल चोळून चोळून काळा तुकतुकीत झालेला. तालमीतल्या पोरांना व्यायामाची लोखंडी मशीनं हवी होती. मशीनसमोर आरसा लागतो, आरशासमोर मोकळी जागा लागते, म्हणून खांब उपटला आणि भिंतीला आडवा टाकला. ज्या खांबानं त्यांच्या बापजाद्यांना उभं केलं तो आरशाच्या आड येत होता. साडूंना कळलं तेव्हा ते जेवत होते. ताटावरून उठून गेले, खांब ठोकला, कान लावला, आणि तिथंच त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. वस्ताद म्हातारे झाले होते, त्यांना पोरं विचारत नव्हती. त्यांनी साडूंना विचारलं, “काय करनार ह्येचं?” साडू म्हणाले, “गिटार.” वस्तादांना गिटार म्हणजे काय हे नीटसं माहीत नसावं, पण वाजवायची वस्तू आहे एवढं कळलं. ते म्हणाले, “सरपणाला देण्यापरास वाजवा. पर आंगूळ केल्याबिगर हात लावायचा न्हाय. पायात पायताण घालून वाजवायचं न्हाय, खांबावर कोन पायताण घालून चढत न्हाय. आन नागपंचमीला नारळ फोडाय तालमीत आणायचा.” साडूंनी शब्द दिला. त्या सगळ्या तालमीत त्या दिवशी दिलेला शब्द पाळणारा बहुधा तो एकच माणूस होता.

खांब गोल, गिटारला लागतो सपाट रुंद तुकडा. तेव्हा बुंध्याकडच्या भागाच्या फळ्या पाडून त्या शेजारीशेजारी सरसानं चिकटवायच्या ठरल्या. सकाळी सुतार आला तर तिन्ही फळ्या तीन दिशांना पडलेल्या. पुन्हा चिकटवल्या, पुन्हा पडल्या. सुतार हात जोडून म्हणाला, “शेठ, ह्ये लाकूड न्हाय, भजी हाय. तेलानं भरलंय, सरस धरत न्हाय.” ज्या माणसानं उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला ओलं लाकूड दिलं नाही, त्याला तेल पिलेलं लाकूड जुळत नाही हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण उन्हात टाकून किंवा सोड्यानं धुऊन तेल काढायला ते तयार नव्हते. “तेलच तर बोलनार हाय,” म्हणाले. शेवटी मी उद्यमनगरात लेथवर लांब बोल्ट करून घेतले आणि फळ्या आरपार आवळल्या. लाकडाच्या अंगात लोखंड गेलं म्हणून साडू दोन दिवस नीट जेवले नाहीत. गिटार इतकी जड झाली की ती गळ्यात घालून ते उभे राहिले की देवाच्या पाया पडायला वाकल्यासारखे दिसत.

पहिला कार्यक्रम जयसिंगपूरला, गणपतीत. सगळे वादक बुटांत, साडू अनवाणी. सूत्रसंचालकाला काही कळेना, त्यानं माइकवर सांगून टाकलं की आमच्या गिटारवाल्यांचा नवस आहे. मग काय, मध्यंतरात एक बाई लेकराला घेऊन त्यांच्या पाया पडायला आली. साडूंनी लेकराच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “पोरगं सागवान हाय.” स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेनं खांबातलं तेल सुटे आणि साडूंच्या शर्टावर पोटापाशी मोठा डाग पडे. आक्कांनी ते शर्ट धुता धुता एक संसारी बाई किती शिव्या देऊ शकते याची हद्द गाठली. वासानं गाणारी बाई दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहू लागली. तिला लहानपणी पाजलेलं एरंडेल आठवे. आवाज कसा होता म्हणाल तर फार चांगला होता. पिकप माझा होता.

असे पाचसहा हंगाम गेले. मग ऑर्केस्ट्राच्या मालकांनी नवा कीबोर्ड आणला. एक बटन दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सनई, तिसरं दाबलं की गिटार. एका माणसात चार माणसं बसू लागली, आणि त्या चौघांना गाडीत जागा लागत नव्हती. बासरीवाला त्याच महिन्यात गेला. मालकांनी साडूंना सांगितलं, “शेठ, आता गिटारची गरज न्हाय. मनावर घेऊ नगा.” साडू म्हणाले, “बटनात लाकूड कुटं हाय?” मालक हसले. साडूंना आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी विनवणी करावी लागत होती, आणि ती त्यांना जमत नव्हती. वखार त्यांना पोटाला घालत होती, पण ते माणूस म्हणून जगत होते ते त्या स्टेजवर. त्यांनी पैज लावली: पडद्याआड वाजवा, खांब ओळखता आला नाही तर मी आपणहून जातो.

सरावाच्या खोलीत चादर बांधली. चादरीआड तीन वस्तू: मल्लखांबाची गिटार, मालकांचा कीबोर्ड, आणि पिकप तपासायला मी दुकानात वापरत असे ती चहाच्या खोक्याची फळी, तिच्यावर तशाच तारा आणि तेवढ्याच वेढ्यांचा पिकप. ती फळी साडूंनीच मागवली होती, खोकं आणि खांब यांतला फरक सगळ्यांना एकदाचा कळावा म्हणून. वाजवायला बेस गिटारवाला बसला. ऐकायला कोण बसणार असं विचारल्यावर साडू म्हणाले, “मी. माझ्यापरास कोन वळखनार?” मी म्हणालो, साडू, तुम्ही नका बसू. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बाजूला सरलो. चपला दाराबाहेर काढून, खुर्ची भिंतीकडं फिरवून, डोळे मिटून ते बसले.

पहिला तुकडा वाजला. साडू लगेच म्हणाले, “ह्ये बटन.” बरोबर होतं. दुसरा वाजला. साडूंनी तोंड वाकडं केलं. “ह्यात दम न्हाय. ह्ये पावण्यांचं खोकं.” ड्रमवाल्यानं मालकांकडं पाहिलं. तिसरा वाजू लागला आणि त्यांची मान डोलायला लागली, चेहरा लहान मुलासारखा खुलला. “आला,” ते म्हणाले, “ह्यो बघा खांब. तेल बोलालंय, ऐका.” ड्रमवाला फस्सकन हसला. मग सगळेच हसले. चादर काढली तेव्हा बेसवाल्याच्या मांडीवर चहाची फळी होती आणि खांब खाली गोणपाटावर ठेवलेला होता. मालक म्हणाले, “शेठ, तुमालाच खोकं आन खांब एक वाटालंय, मग पब्लिकला बटन काय वाईट हाय?”

त्या माणसानं बटन पहिल्या फटक्यात ओळखलं होतं. प्रश्न बटन की माणूस एवढाच होता, आणि त्याचं उत्तर त्यानं बरोबर दिलं होतं. पण हे त्या खोलीत कुणाच्याही लक्षात आलं नाही, आलं असेल तर सोईचं नव्हतं. मी मात्र जिंकलो होतो. नेसरीच्या इतक्या दिवाळ्यांत जे भांडण संपलं नाही ते माझ्या बाजूनं संपलं होतं. मला कुणी हार घातला असता तर तो मी मालकाच्या तोंडावर फेकला असता. साडू गिटार खांद्यावर टाकून तसेच अनवाणी घरी गेले. त्यांच्या चपला मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिल्या. आक्कांनी त्या घेतल्या आणि मला आत या म्हटलं नाही. त्यानंतर नेसरीत आमचे पाट शेजारीच मांडले जात, पण आम्ही दोघं समोरच्या भिंतीशी बोलत असू.

पुढं ऑर्केस्ट्राही बुडाला, बटनासकट. त्याचं मला दुःख झालं नाही. लोकांना आता डीजे हवा होता. मालक हुशार; त्यांनी वाद्यं विकली आणि साउंडच्या भिंती उभ्या करायला घेतल्या. भिंतींना स्पीकरची खोकी लागतात, खोक्यांना प्लायवूड लागतं. आणि वखारीत सागवानाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, लोक तयार दारं आणून बसवत होते. तेव्हा ज्या माणसानं प्लायवूडला कधी ‘लाकूड’ म्हटलं नाही, तो त्याच मालकांसाठी प्लायवूडची खोकी करू लागला. तीही जीव लावून. खोकं चालू असताना कुठला सांधा खडखडतो ते यंत्राला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते आवाज पूर्ण वाढवायला सांगत आणि खोक्याच्या पाठीला कान लावून सांधे तपासत. गणपतीच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर गाव त्या भिंतींपुढं नाचत असे आणि भिंतींच्या मागं हा माणूस, हातात पाना, कान प्लायवूडला. मी पहिल्यांदा स्वतःहून बोललो ते तेव्हा. म्हणालो, साडू, कान जातील. ते म्हणाले, “तुमी वायरीचं बघा.” तीन-चार गणपतींत कान गेले. आधी डावा, मग उजवा. मिरवणूक पुढच्या वर्षीही तितक्याच जोरात निघाली. माझा त्या गावावर राग आहे, आणि त्याच गावात मी राहतो.

वखार मोडून ते कळंब्याकडं राहायला गेले. नागपंचमीला गिटार तालमीत नेऊन नारळ फोडणं त्यांनी चुकवलं नाही, वस्ताद गेल्यावरही नाही, आणि मशीनवरची पोरं ‘हे काका कोण’ म्हणून एकमेकांना विचारायला लागल्यावरही नाही. बायको मागं लागली म्हणून एका रविवारी मी त्यांच्याकडं गेलो. साडू ओसरीत अनवाणी बसले होते. मल्लखांब मांडीवर, छाती त्याला टेकलेली, हनुवटी लाकडावर, आणि ते वाजवत होते. वायर लावलेली नव्हती. पिकप मेला होता, गंजाचा डाग लांबून दिसत होता. माझा हात सवयीनं तिकडं गेला. खुणेनं विचारलं, नवा गुंडाळून देऊ का? त्यांनी मान हलवली.

“नगो,” बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले. “त्यो लोकांसाठी हुता. ह्ये मला ऐकाय येतंय.” आणि त्यांनी छातीवर, हाडावर, बोट ठेवलं. मग ती जड वस्तू उचलून माझ्या छातीला लावली आणि तारा छेडल्या. कानांना जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. पण माझ्या बरगड्यांतून काहीतरी सरकत गेलं, खालच्या सुराचं जाड, वरच्या सुराचं बारीक, आणि बराच वेळ राहिलं. हनुवटीच्या हाडापर्यंत आलं. इतकी वर्षं मी या माणसाचे पिकप गुंडाळले आणि एकदाही ती गिटार अंगाला लावून बघितली नव्हती.

“त्या दिवशी मला ऐकाय बसवाय नगो हुतं, पावणं,” ते म्हणाले. “हातात दिली असती तर डोळं झाकून वळखली असती.”

मी म्हणालो, साडू, तुमचं खरं होतं. लाकूडच बोलतं. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यांदा. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, इतक्या जोरात की आक्का आतून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या आणि पलीकडच्या घरातली खिडकी उघडली. सगळ्या गल्लीला ते ऐकू गेलं असेल.

साडूंनी माझ्या खांद्यावर थोपटलं, गिटार परत मांडीवर घेतली आणि समजूत घालावी तसं म्हणाले, “व्हय, व्हय. तारच. तुमचंच खरं, पावणं.” आणि हनुवटी लाकडावर टेकून पुन्हा वाजवायला लागले.